तीनदा विचारणारा खजिनदार

कावेरीकाठची आमची माणसं तोंडाने काही मागत नाहीत. उंबऱ्याशी आलेल्याला जेवायचं विचारलं की त्याने "नक्को" म्हणायचं. पुन्हा विचारलं की पुन्हा "नक्को", पण जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे तो चपला काढतो आणि पाय धुवायला पाणी मागतो. पहिल्याच बोलावण्याला जो पाटावर बसला त्याला आमच्याकडे हावरा म्हणतात. आणि जो तिसऱ्यांदा विचारत नाही त्याच्या घरी पुन्हा कुणी जात नाही. राजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज तंजावरला उतरले, त्याला आता कितीतरी पिढ्या झाल्या. भाषेत तमिळ मिसळलं, पानात सांबार आलं, मुलींच्या वेण्यांत कनकांबरं आली. हे तीनदा विचारणं मात्र तसंच राहिलं.

सेतुमाधवरावांची गोष्ट या रीतीपासूनच सांगायला हवी, कारण त्यांचं सगळं राजकारण याच रीतीतून उगवलं.

ते कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातले. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा ते एवढेसे होते. थोरले भाऊ राघोत्तम मद्रासला एका गोऱ्या कंपनीत कारकून होते. त्यांनी धाकट्याला तिरुवल्लिक्केणीतल्या आपल्या घरी आणलं. पार्थसारथीच्या देवळामागची ती अरुंद गल्ली. संध्याकाळी समुद्रावरचा वारा सुटला की दोन्ही ओट्यांवरची माणसं एकदम बोलायला लागायची. त्या घरात गोदावैनी होत्या. स्वतःच अजून परकराच्या वयातून नुकत्या बाहेर आलेल्या, पण दिराला त्यांनी आईसारखं वाढवलं. पोर भिडस्त. भूक लागली तरी खांबाला टेकून उभं राहायचं.

"सेतु, जेवतोस का?"

"नक्को, वैनी."

"सेतु, पिठलं केलं आहे रे."

"नक्को."

"सेतु, मी एकटीच राहिले आहे. मला सोबत म्हणून तरी बसतोस का?"

मग सेतु बसायचा आणि दोघांचं जेवण एकटा जेवायचा.

एकदा तो शाळेतल्या मित्राच्या घरी गेला आणि भर दुपारी उपाशी परत आला. वैनींनी विचारलं, "का रे, त्यांनी जेवायला नाही बोलावलं?"

"बोलावलं की. मी नक्को म्हणालो."

"मग?"

"मग ते जेवले."

वैनी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांनी पोराला जवळ ओढून पोटभर वाढलं. "एकदा विचारून मोकळं होणाऱ्याच्या दारी जाऊ नये," त्या म्हणाल्या. "आणि आपण कधी तसं होऊ नये." सेतुमाधवराव पुढे हा प्रसंग सभांमध्ये सांगत. लोक हसत, आणि ते स्वतः सगळ्यांत जास्त हसत.

ते वकील झाले, चळवळीत तुरुंगात गेले, सुटून आले तेव्हा राघोत्तम वारले होते. बावन्नच्या निवडणुकीत ते आपल्या जुन्या मुलुखातून आमदारकीला उभे राहिले. पैसा नव्हता, जात मोजायला गेलं तर मूठभर. तिकडचे तमिळ लोक आम्हांला रायर म्हणतात. त्या रायराला मतं कोण देणार, असं सगळे म्हणत होते. पण सेतुमाधवराव गावोगाव फिरले आणि प्रत्येक पारावर बसून त्यांनी एकच गोष्ट केली.

एक प्रसंग मला त्या गावच्या लोकांनी सांगितला आहे. कालव्यापलीकडची शेतमजुरांची वस्ती. बायका भाताच्या रोपांच्या जुड्या बांधत होत्या. रावांनी विचारलं, तुम्हांला काय पाहिजे? एक म्हातारी मान न उचलता म्हणाली, "वेंडां सामी." म्हणजे काही नको, महाराज. आधी येऊन गेलेले उमेदवार एवढं ऐकून हात जोडून पुढे गेले होते. राव चिखलात खाली बसले. पुन्हा विचारलं. म्हातारी पुन्हा "वेंडां" म्हणाली, पण जरा हळू. राव तो आवाज ओळखत होते. ते तसेच बसून राहिले, एक जुडी त्यांनीही बांधली, आणि मग तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "सामी, पावसाळ्यात कालवा भरला की आमचं मढं पलीकडे नेता येत नाही. माझा नवरा घरात तसाच ठेवावा लागला होता."

निवडून आल्यावर त्यांनी सगळ्यांत आधी तो पूल बांधून घेतला. अगदी लहान, तिरडी आणि चार माणसं जातील एवढाच. त्या मुलुखात आजही त्याला रायर पूल म्हणतात.

विधानसभेत त्यांचं नाव झालं. अधिकारी सांगत, अमुक गावातून काही मागणी नाही. राव उठत आणि विचारत, "कितीदा विचारलंत?" सभागृह हसायचं. पण दुसऱ्या खेपेला निवडून आले तेव्हा त्यांना मंत्री केलं आणि राज्याच्या खजिन्याचं खातं त्यांच्या हाती दिलं.

गल्लीत त्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. कुणी अर्थमंत्री म्हणालं नाही. गुरुमूर्ती मास्तर कोपऱ्यावरच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आमच्यातलेच, वयाने रावांहून थोरले. ते ओट्यावर उभे राहून ओरडले, "राजवाड्यातला खजिना गेला त्याला शंभर वर्षं झाली! आज पुन्हा आमच्यातला माणूस खजिनदार झाला हो!" तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव खजिनदार पडलं. गोदावैनींनी ओवाळलं. त्यांचे केस पांढरे झाले होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

राव अड्यारच्या सरकारी बंगल्यात राहायला गेले. रोज सकाळी मद्रासच्या किल्ल्यातल्या सरकारी कचेरीत जात. तिथे अमरसिंह नावाचे सचिव होते, उंच, दाढी नीट बसवलेले, लाहोरकडून आलेले. माणूस सज्जन होता आणि काम चोख करायचा. पहिल्याच आठवड्यात रावांनी त्यांना आपली तीनदा विचारायची रीत सांगितली. अमरसिंह आदराने ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, आमदाराला ही रीत शोभते. खजिन्यात बसलेल्याने तिसऱ्यांदा विचारलं तर खजिना राहील का? इथे समोरचा स्वतःहून नको म्हणाला तर देवाचे आभार मानायचे आणि पुढची फाईल घ्यायची."

राव हसले. त्यांना ते पटलं नाही, पण लक्षात राहिलं.

आता गोदावैनींच्या वर्गाविषयी सांगतो.

राघोत्तम गेल्यापासून त्या गुरुमूर्ती मास्तरांच्या शाळेत मागच्या पडवीत मराठी शिकवत असत. शाळा तमिळ. पण गल्लीतली आमची मुलं दुपारच्या एका तासाला पाट्या घेऊन पडवीत बसायची. मुलं घरात मराठी बोलत होती, तीही अर्धीमुर्धी, पण अक्षर कुणाला येत नव्हतं. गोदावैनी त्यांना बाळबोध गिरवायला लावायच्या, आरत्या वाचून घ्यायच्या, पुण्याहून आलेली जुनी मासिकं वाचायला द्यायच्या. पगार काही नाही. मुलांनी आणलेली मोगऱ्याची फुलं, एवढीच मिळकत.

पण डोळे जायला लागले. शाळेच्या नव्या चालकांनी सांगितलं, मंजूर शिक्षक असेल तरच तास राहील, नाहीतर येत्या जूनपासून वेळापत्रकातून काढू. मास्तरांनी एका मराठी शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. शिक्षण खात्याने शिफारस केली. अर्ज खजिन्याकडे गेला. सही फक्त रावांची राहिली होती, आणि गल्लीत सगळे निर्धास्त होते. आपलाच खजिनदार, आपल्याच वैनींचा वर्ग.

नेमकं तेच रावांना टोचत होतं. अर्थसंकल्पाच्या चर्चेत विरोधी बाकावरून एक तरुण सभासद उठून म्हणाला होता, "राज्याचा खजिना तमिळ बोलतो की मराठी, एवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं!" बाकं वाजली. रावही हसले. पण कान तापले ते घरी पोचेपर्यंत तापलेलेच होते. ज्या मुलुखाने रायर म्हणून हिणवलं नाही, त्याच्यासमोर आपण आपल्या भावजयीच्या वर्गासाठी खजिना उघडला असं कुणी म्हणालं तर? त्यांनी तो अर्ज बाजूला ठेवला. नकार द्यायचं धैर्य नव्हतं आणि होकार द्यायचंही नव्हतं.

रामनवमी आली. गोदावैनींकडे दरवर्षी पंगत बसायची. त्या वर्षी खजिनदार स्वतः आले, म्हणून गल्ली लोटली. ओसरीभर केळीची पानं मांडली होती. पन्हं झालं, कोशिंबीर झाली, डांगर वाढून झालं. वैनी अंदाजानेच वाढत होत्या, पण कुणाच्या पानात काय संपलं ते त्यांना बरोबर कळायचं. रावांच्या शेजारी गुरुमूर्ती मास्तर बसले होते. भात कालवता कालवता रावांनी एकदम विचारलं,

"मास्तर, ती मराठीची जागा. तुम्हांला खरंच हवी आहे का?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. एवढ्या लोकांदेखत, भरल्या पानावर, हवी म्हणायचं? त्यांच्या तोंडून तेच निघालं जे आमच्यातल्या कुणाच्याही तोंडून निघालं असतं.

"नक्को, नक्को, राव! तुमचं लक्ष आहे तेवढं पुरे आम्हांला."

मास्तर हसले आणि त्यांनी मान खाली घातली. आता दुसऱ्यांदा विचारतील. ओसरीवरचा प्रत्येक माणूस वाट पाहत होता. गोदावैनी साराचं भांडं घेऊन पंगतीच्या मधोमध थांबल्या होत्या. त्यांनी रावांच्या दिशेने मान वळवली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, खांबाला टेकलेल्या पोराकडे बघताना असायचं तसं.

रावांनाही तो थांबलेला क्षण कळत होता. त्यांच्याइतका तो कुणाला कळणार? चिखलात बसून त्यांनी असे शेकडो क्षण ओलांडले होते.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी पान मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर शेरा मारला की संबंधितांशी प्रत्यक्ष बोलणं झालं, त्यांना जागेची निकड नाही. अमरसिंहांनी तो वाचला आणि पुढची फाईल सरकवली.

मास्तरांना हे नुंगंबाक्कमच्या शिक्षण कचेरीत कळलं. ते भर उन्हात तिथून निघाले आणि थेट गोदावैनींच्या ओट्यावर येऊन बसले. पगडी काढली आणि तिच्यानेच वारा घेऊ लागले.

"गोदाबाई, मी फक्त नक्को म्हणालो हो!"

"दोनदा म्हणालात. मी तिथेच होते."

"एका दमात म्हणालो! ते एकच धरायचं!"

"एक धरलं तरी तुमचं म्हणून झालं होतं, मास्तर."

"अय्यो, पण आपल्यात नक्को म्हणजे का नक्को असतं? तुम्हीच सांगा. माझ्या लग्नात मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हा मी नक्को म्हणालो होतो!"

"आणि तुमच्या सासऱ्यांनी पुन्हा विचारलं," गोदावैनी म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हांला चार मुलं आहेत."

मास्तर हसायला गेले आणि त्यांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोदावैनी बसमध्ये बसून अड्यारला गेल्या. त्या बंगल्यात त्यांनी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. शिपायाने त्यांना गारेगार दिवाणखान्यात बसवलं आणि विचारलं, "अम्मा, कॉफी आणू?" त्या सवयीने "वेंडां" म्हणाल्या. शिपाई गेला तो परत आला नाही. राव बाहेर आले तेव्हा त्या कोरड्या घशाने बसल्या होत्या.

"वैनी, तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं."

"तुला विचारायला आले. मास्तरांना तू पुन्हा का विचारलं नाहीस?"

राव खिडकीकडे गेले. "वैनी, सरकारात एकदाच विचारतात. त्यांनी नको म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं."

"कुठे वाढलास रे तू?"

राव खिडकीचा पडदा सारखा करत राहिले.

"तुला नाही म्हणायचं होतं ना, सेतु? मग नाही म्हणायचं. मी जाऊन मुलांना सांगितलं असतं की खजिनदार नाही म्हणाला. तू मास्तरांच्या तोंडून नाही म्हणवलंस. आणि त्यांच्या तोंडातून जे निघालं ते मी तुला शिकवलेलं होतं."

"उद्या लोक म्हणतील, रायराने भावजयीची सोय केली."

"माझी सोय?" गोदावैनी उठल्या. "मला दिसत नाही रे आता. ती जागा दुसऱ्या कुणासाठी होती. पण तू विचारलं असतंस तर कळलं असतं." दाराशी त्या थांबल्या. "सरकारात एकदाच. बरं. लक्षात ठेवते."

जूनमध्ये वर्ग बंद झाला. पाट्या दोरीने बांधून गोदावैनींच्या माळ्यावर गेल्या. दुपारच्या त्या तासाला मुलं मैदानात खेळू लागली, आणि खरं सांगायचं तर मुलांना काही वाईट वाटलं नाही.

सेतुमाधवरावांनी पुढे खूप वर्षं खजिना सांभाळला. हाताचा स्वच्छ माणूस, कुणी बोट दाखवू शकलं नाही. राज्यात धरणं झाली, कारखाने झाले, त्यांतल्या पैशाचा हिशेब त्यांनी चोख ठेवला आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या काटकसरीची तारीफ केली. पण गावी गेले की आता मोटार पारापाशी थांबायची, खिडकीतून ते विचारायचे, काय पाहिजे? लोक म्हणायचे, "वेंडां सामी." मोटार पुढे जायची. सुरुवातीला लोक मोटारीमागे थोडे चालायचे. मग तेही बंद झालं. बासष्ट साली ते जेमतेम निवडून आले.

सदुसष्टच्या निवडणुकीत वारं फिरलं होतं. राव घाबरले आणि पुन्हा पायी निघाले. रायर पुलावरून ते त्या वस्तीत गेले. म्हातारी कधीच गेली होती. तिचा मुलगा दारात विळ्याला धार लावत होता.

"तुम्हांला काय पाहिजे?"

"वेंडां सामी."

राव खाली बसले. आता गुडघे दुखत होते. पुन्हा विचारलं. तो पुन्हा "वेंडां" म्हणाला. आवाज तेवढाच होता, हळू झाला नव्हता. रावांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि विचारताना त्यांचा स्वतःचाच आवाज कापला. त्या माणसाने विळा बाजूला ठेवला, उभा राहिला, हात जोडले.

"वेंडां, सामी. खरंच वेंडां."

ते पडले. बंगला सोडावा लागला. सामान नव्या घरी पाठवून ते एका दुपारी एकटेच तिरुवल्लिक्केणीला आले. वैनींचं घर तेच होतं, खांबही तोच. गोदावैनींना आता अजिबात दिसत नव्हतं. त्या झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या. त्यांच्या मुलाची मुलगी हेमावती, आठ-नऊ वर्षांची, जमिनीवर चिंचोके मांडून खेळत होती. सून तमिळ घरातली, त्यामुळे मुलीला मराठी समजायचं, पण तोंडातून तमिळच निघायचं.

पावलांवरून वैनींनी ओळखलं. "सेतु?"

"हो, वैनी."

"जेवतोस का?"

"नक्को," राव म्हणाले. वयाच्या साठीत, पडलेल्या मंत्र्याच्या तोंडून, तो जुना शब्द आपसूक निघाला.

"बरं," वैनी म्हणाल्या आणि वात वळायला लागल्या.

झोपाळ्याची कडी करकरत होती. राव खांबाला टेकून उभे राहिले. स्वयंपाकघरातून साराचा वास येत होता. शेवटी ते म्हणाले, "वैनी, भूक लागली आहे."

वैनींचा हात थांबला. त्या पोराने जन्मात हे वाक्य उच्चारलं नव्हतं. "हेमा, पान मांड," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज राहिला तसाच, फक्त वाती त्यांनी मांडीवरून खाली ठेवल्या.

जेवून हात धुतल्यावर राव माळ्याखाली उभे राहिले. वर पाट्यांचा गठ्ठा दिसत होता, दोरी काळी पडली होती. कोपऱ्यात वैनींची पोथी होती, कापडात बांधलेली, गाठीवर धूळ.

"ही कोण वाचून दाखवतं तुम्हांला?"

"कोण दाखवणार? मुलगा दौऱ्यावर. हिला ते अक्षर दिसलं तर ती म्हणते, पाट्टी, हे कुठलं रांगोळीचं पुस्तक?"

आपल्याविषयी बोलणं निघालं म्हणून हेमावती हसली. आजीला ती तमिळमधलं पाट्टीच म्हणायची.

रावांनी एक पाटी ओढून काढली, धोतराने पुसली. "वैनी, मी हिला शिकवू का?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

माजी खजिनदार त्या पोरीसमोर उकिडवे बसले. "हेमा, मराठी अक्षरं शिकतेस का? मी शिकवतो."

"वेंडां, तात्ता," ती आजोबांना म्हणाली. गल्लीतून तिच्या मैत्रिणींची हाक आली होती. बाहेर खडूने घरं आखून मुली लंगडी घालत होत्या.

"रोज थोडंच. फक्त तुझं नाव लिहायला. शिकतेस?"

"वेंडां!" ती हसत ओरडली, चिंचोके मुठीत घेतले आणि उंबरा ओलांडून पळाली सुद्धा.

राव पाटी हातात धरून उठले आणि दारापर्यंत गेले. ऊन गल्लीत तिरपं उतरलं होतं. हेमावती एका पायावर उड्या मारत होती, वेणी पाठीवर आपटत होती, आणि तिचं लक्ष फक्त खडूच्या रेघांकडे होतं. राव तोंड उघडून उभे राहिले. कुठल्या शब्दांत विचारलं तर ती वळून बघेल, हे त्यांना सुचेना.

आतून झोपाळ्याची करकर थांबली. "काय झालं रे?" गोदावैनींनी विचारलं. "आली का ती?"

"विचारतो आहे, वैनी," ते म्हणाले, आणि उंबऱ्यातच उभे राहिले.